ओली माशी पेटीत ठेवायची नाही

मिलकावहिनी गेल्याचं मला फोनवर कळलं नाही. ज्या हॉस्पिटलात ती वरच्या मजल्यावर पडून होती, त्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर धोबीखान्यात मी इतकी वर्षं काम करते. सकाळची वेळ होती, मशीनमधून चादरींचा घाणा नुकताच बाहेर पडला होता, आणि दारात वॉर्डातली सिस्टर उभी राहिली. सिस्टर कधी खाली येत नाहीत. ती काही बोलायच्या आधीच मी हातातली चादर खाली ठेवली. सिस्टर बिचारी तरुण होती, रशियाहून आलेली, तिने माझा खांदा धरला, दोन शब्द बोलली आणि मग हिब्रूत विचारलं, "ती कुणाची कोण लावायची? अल्मना होती ना?" अल्मना म्हणजे विधवा. आता काय सांगू हिला? मी म्हटलं, "ती माझी भावजय होती, एवढंच लाव." तेव्हापासून हाच प्रश्न माझ्या मागे लागला आहे. नंतर थडग्याचा दगड कोरणारा माणूससुद्धा तेच विचारत होता... सॅमसनची पत्नी लिहू, का सॅमसनची विधवा?

सॅमसन माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला दादा म्हणायचो. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, मूळचे रेवदंड्याच्या बाजूचे, पण जन्म मुंबईत, माझगावला. दादा गोदीत फिटर होता आणि रविवारचा पक्का गळवाला. पवई नाहीतर लोणावळ्याचं तळं. आमच्या बाकीच्या गावाने गळाला कोळंबी लावावी, पण ह्याला साहेबी खूळ. ह्याला फ्लाय लागायची. फ्लाय म्हणजे खोटी माशी. बारीक गळावर कोंबड्याच्या मानेचं पीस, रेशीम, थोडी लोकर गुंडाळून अशी बनवतात की माशाला वाटावं, पाण्यावर किडाच बसलाय. फोर्टात एका पारशाचं दुकान होतं, तिथे मागच्या बाजूला बाकड्यावर चार मुली बसून ह्या माश्या बांधायच्या. टोकाला बसायची ती मिलका. टोकाला का, तर ती डावरी. मध्ये बसली की शेजारणीच्या कोपराला तिचं कोपर लागायचं. दादा गळ घ्यायला गेला आणि बायको घेऊन आला, असं आम्ही त्याला आयुष्यभर चिडवलं. आईने मात्र आधी नाक मुरडलं होतं. "डावरी सून? मलिद्याचं ताट डाव्या हाताने वाढणार काय गो?" एलियाहू हन्नाबी, आमचा पैगंबर, त्याच्या नवसाचा मलिदा, गोड पोह्यांचा, म्हणजे आमच्याकडे केवढी मोठी गोष्ट! वहिनीने पहिल्याच मलिद्याला उजव्या हाताने असं काही वाढलं की अर्धे पोहे सतरंजीवर. आई हसत सुटली आणि म्हणाली, "राहू दे बाय, तुझा जो हात चालतो त्याने वाढ."

साठच्या दशकात आम्ही सगळे इथे इस्रायलला आलो आणि सरकारने आम्हाला नेऊन ठेवलं कुठे, तर बेर्शेबाला! वाळवंट. जो माणूस पाण्याशिवाय जगत नव्हता त्याच्या खिडकीतून दिसायची ती नुसती धूळ. दादा एका कारखान्यात लागला, आणि सुट्टी मिळाली की बस बदलत बदलत थेट वर किनेरेतला जायचा. किनेरेत म्हणजे गालीलचं तळं. जिथे यार्देन, म्हणजे जॉर्डन नदी, तळ्यात शिरते तिथे गुडघाभर पाण्यात उभा राहायचा. तिथे एक मोठ्या खवल्यांचा मासा मिळतो. दादा म्हणायचा, "आपल्या महाशीरचा चुलतभाऊ आहे हा, फक्त हिब्रू बोलतो."

ह्या माश्या सांभाळणं म्हणजे मात्र वहिनीचं राज्य. सागवानी पेटी होती, दादाने मुंबईत स्वतः केलेली, आतून बुचाच्या पातळ पट्ट्या लावलेली. एकेक माशी त्या बुचात टोचून ओळीने ठेवायची. कसर लागू नये म्हणून कोपऱ्यांत लवंगा. डांबराच्या गोळ्या चालायच्या नाहीत, त्यांचा वास माशीला लागला की मासा तोंड फिरवतो, असं दादाचं म्हणणं. पाण्यावर जाताना सगळी पेटी न्यायची नाही. लागतील तेवढ्याच माश्या मोजून काढायच्या आणि छातीवर लावलेल्या मेंढीच्या कातड्याच्या तुकड्यात, लोकरीत अडकवायच्या. परत येतानाही त्या त्याच लोकरीत वाऱ्यावर सुकत यायच्या. आणि घरी आल्यावर वहिनी एकेक माशी खालच्या ओठाला लावून बघायची. बोटाला कळत नाही ती ओल ओठाला कळते, असं ती म्हणायची. ओठाला गार लागली की पुन्हा खिडकीत. "ओली माशी पेटीत ठेवायची नाही. एक ओली गेली की सगळ्यांना गंज." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की चादरींच्या घड्या घालतानासुद्धा माझ्या तोंडी येतं.

त्या पेटीचं अजून एक. इथे आलो तेव्हा पहिल्या शनिवारी आमचं निम्मं सामान बंदरातच अडकलं होतं. शनिवार संपला, आकाशात तारे दिसले, हबदाला, म्हणजे शब्बाथला निरोप द्यायची प्रार्थना, करायची वेळ झाली. दिवा होता, प्याला होता, पण हुंगायला सुगंध? मुंबईत आम्ही सब्जाची डहाळी घ्यायचो, इथे सब्जा कुठला! वहिनीने माश्यांची पेटी काढली, उघडली, आणि लवंगांचा असा घमघमाट सुटला की आईने डोळेच मिटले. त्या दिवसापासून आमच्या घरी सुगंधाची ब्राखा, म्हणजे आशीर्वादाचे शब्द, ह्या पेटीवरच. शेजारची मोरोक्कोची बाई एकदा हबदालेला आली होती, तिने पेटीत वाकून बघितलं आणि किंचाळलीच. तिला वाटलं, मेलेल्या माश्या हुंगतात हे हिंदी लोक!

त्र्याहत्तरच्या लढाईच्या आदल्या वर्षीची गोष्ट. हिवाळ्याआधीचा सुक्कोतचा सण नुकताच आटोपला होता. वहिनीने पेटीतून तीन माश्या काढल्या, ओठाला लावल्या, कातड्यात अडकवल्या आणि कातडं स्वतःच्या हाताने दादाच्या खिशावर टाचलं. मी तिथेच चहा पीत होते. दादा म्हणाला, "तीनच? कंजूस!" ती म्हणाली, "तीन परत आण, मग चौथी मिळेल." दादा हसत गेला... आणि आला नाही. किनेरेतवर दुपार कलताना एकाएकी वारा सुटतो, आरशासारखं पाणी घटकेत खवळतं. काठावर त्याचे बूट मिळाले, मोजे आत नीट कोंबलेले. पिशवीत डबा तसाच होता. पोलिसांनी होड्या घातल्या, पाणबुडे घातले. दादा काही मिळाला नाही.

ज्यांच्या घरी असं झालेलं नाही त्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगते. प्रेत नाही, बुडताना पाहिलेला माणूस नाही, म्हणजे धर्माच्या हिशेबी मरण नाही. आई मुलासाठी सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसू शकत नव्हती, मेलेल्यासाठी म्हणतात तो कद्दिश म्हणता येत नव्हता. आणि वहिनी? ती बायको नाही, विधवा नाही, दोन्हींच्या मध्ये लटकलेली. अशा बाईला अगुणा म्हणतात. तिने दुसरं लग्न करायचं म्हटलं तरी करता येत नाही. तेव्हा वहिनी चाळिशीच्यासुद्धा अलीकडे होती हो! मूलबाळ नव्हतं. सगळं आयुष्य समोर पडलेलं होतं.

इथला पावसाळा हिवाळ्यात असतो, तो संपता संपता एका कोळ्याच्या जाळ्यात ते कातडं आलं, त्यात तीन माश्या अडकलेल्या. धर्माच्या कोर्टातून, बेत-दीनमधून बोलावणं आलं. वहिनीची हिब्रू म्हणजे भाजीवाल्यापुरती, म्हणून मी बरोबर गेले. तीन दयान, म्हणजे न्याय करणारे रब्बी, समोर बसले होते. मधला म्हातारा फार मायाळू होता, बगदादकडचा असावा. तो मला म्हणाला, "तिला सांग, नुसत्या ह्या तुकड्यावर आम्ही काही ठरवणार नाही. पण ह्या माश्या तिच्या हातच्या असतील, त्या दिवशी त्याच्या अंगावर होत्या असं ती सांगत असेल, तर बाकीच्या सगळ्याबरोबर धरून आम्हाला तिच्यासाठी वाट काढता येईल." मी कातडं बघितलं आणि मनात म्हटलं, सुटली माझी वहिनी. कोंबड्याचं तेच तांबूस पीस. आणि माशीच्या अंगावर गुंडाळलेली जरीची तार! ती तार वहिनीच्या मेंदीच्या साडीची होती, पदर विरला तेव्हा तिने उसवून ठेवलेली. जगात दुसऱ्या कुणाकडे असणार? वहिनीने एक माशी काढली, उजेडाकडे धरली, खूप वेळ बघितली. मग ओठाला लावली. तिचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं ही आता पडते. आणि मराठीत मला म्हणाली, "सांग त्यांना, ह्या माझ्या नाहीत."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. म्हातारा विचारतोय काय म्हणाली, आणि मी वहिनीकडे वळले. "वहिनी, नीट बघ," मी म्हटलं. ती म्हणाली, "बघितलं. माझ्या नाहीत. तू सांग." मग मी सांगितलं, "झे लो शेला." हे तिचं नाही. म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत विचारलं, पाणी प्यायला दिलं, वेळ दिला. उत्तर तेच. शेवटी त्याने कातडं आमच्याच हातात परत दिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

बसस्टँडच्या बाकावर मी तिला फाडून खाल्लं. एवढ्या लोकांत, मोठ्याने, मराठीत. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास! आईला मुलासाठी रडू दिलं नाहीस! खोटं कशाला बोललीस?" तिने सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून कातडं काढलं आणि पदराच्या गाठीतून स्वतःजवळची एक माशी काढली, पेटीतली. दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. "माशीचं डोकं वर धर, आणि जरीची तार बघ," ती म्हणाली. पेटीतल्या माशीवर जरीचे वेढे उजवीकडून डावीकडे चढत होते. कातड्यातल्या तिन्हींवर डावीकडून उजवीकडे. "मी डावरी," ती म्हणाली, "माझ्या हातून दुसरा वेढा पडूच शकत नाही. पिसं माझी, जर माझी, गाठसुद्धा माझी... पण हात माझा नाही. मी पाण्यावर वाकून बघितलं तर माझा हात जसा दिसेल, तसा हा हात आहे." तरी मी हट्टाने म्हटलं, दादानेच गुपचूप बांधल्या असतील. "त्याने? ज्याला बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती, त्याने?" ती हसली. खरंच हसली. मग कातडं मिटून म्हणाली, "मी तीन दिल्या होत्या, रूथ. पाण्याने ह्या दिल्या. माझ्या तीन अजून त्याच्याकडेच आहेत. आणि त्या असेपर्यंत मी विधवा कशी?"

ती गोष्ट मला कधी पटली नाही. आजही सांगते, पटली नाही. अश्केलोनचा एक विधुर, भला माणूस, तिच्यासाठी दोन वर्षं थांबला. मी तिला म्हणायची, पुन्हा कोर्टात जा, सांग की चूक झाली, घाबरले होते. ती म्हणायची, "चूक झालेली नाही तर चूक झाली कसं सांगू?" त्याने शेवटी दुसरीकडे लग्न केलं. वहिनी त्या लग्नाला गेली, पोटभर जेवली आणि मला म्हणाली, "पुलाव बरा होता गो." आई गेली ती मुलासाठी एकदाही जमिनीवर न बसता गेली. ह्यासाठी मी वहिनीशी पुष्कळ भांडले. आणि भांडून झाल्यावर शनिवारी संध्याकाळी तिच्याचकडे हबदालेला जायची. ती पेटी उघडायची, आम्ही लवंगांचा वास घ्यायचो, आणि ओळीतली ती तीन रिकामी भोकं माझ्या नजरेसमोर यायची. तिथे तिने कधी दुसरी माशी टोचली नाही.

ते कातडं मात्र तिने घरात घेतलं नाही. "परक्या माश्या आहेत, बाहेर राहू देत," म्हणून गॅलरीत खिळ्याला अडकवलं. आणि आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, लोक वेड्यात काढतील म्हणून. ते कातडं कधी वाळलं नाही. बेर्शेबाच्या उन्हात मी आयुष्यभर चादरी वाळवल्या आहेत. इथे धुणं दोरीवर घालून वळावं तर पहिला कपडा कडक झालेला असतो. ओल आणि सुकं मला कुणी शिकवू नये. पण ऐन उन्हाळ्यात, खमसीनचा भट्टीसारखा वारा सुटलेला असताना त्या कातड्याला हात लावला, तर तळव्याला ओल लागायची. तळ्याच्या पाण्याचा वास यायचा. मी म्हणायची, लोकर आहे, तेलकट असते, ओल धरते. वहिनी म्हणायची, "हो, धरते." आणि त्या तीन गळांना कधी गंज चढला नाही. सुईसारखे लखलखीत. मी गॅलरीकडे पाठ करून बसायला लागले.

हॉस्पिटलात नेलं त्या दिवशी तिने पेटी माझ्या हातात दिली. "शनिवार चुकवू नकोस." मी पेटी घरी आणून फ्रिजवर ठेवली, वहिनीच्या घराला कुलूप घातलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. दर शनिवारी पेटी उघडली, वास घेतला. तीन भोकं रिकामीच होती, माझ्या डोळ्यांनी बघितलेली. शेवटची भेटले तेव्हा तिला बोलायला त्रास होत होता. ओठ पार फुटले होते. मी कापूस भिजवून लावत होते, तर तिने माझा हात बाजूला केला. "नको गो, ओले नको करू," ती म्हणाली. "ओठ ओले असले तर कळणार कसं?" मी म्हटलं, काय कळायचंय आता? दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर खाली आली.

आम्ही सात दिवस बसलो. वहिनीसाठी बसलो, आणि मी मनातल्या मनात दादासाठीही बसले. सात दिवस संपल्यावर तिचं घर आवरायला गेले. कुलूप जसंच्या तसं होतं, आत सगळीकडे धूळ. गॅलरीत गेले. कातडं खिळ्यावर होतं, आणि पापडासारखं वाळलेलं. हातात घेतलं तर लोकर झडून खाली पडली. तिन्ही माश्या नव्हत्या. मी गॅलरीच्या फरशीवर शोधलं, खाली रस्त्यावर जाऊन शोधलं. म्हटलं, एखाद्या पाखराने नेल्या असतील. स्वतःला समजावण्यात मी तशी हुशार आहे.

त्या शनिवारी अंधार पडायच्या सुमाराला तारे दिसले. माझी मुलगी ओर्ना आली होती. दिवा लावला, प्याला भरला, फ्रिजवरून पेटी काढली, उघडली. लवंगांचा वास आला, आणि त्या वासाच्या खाली दुसरा वास. तळ्याचा. ओळीतली तीन भोकं भरलेली होती. तीन माश्या, आपापल्या जागी, नीट टोचलेल्या. मी ओर्नाला म्हटलं, "तू ठेवल्यास?" मी मराठीत विचारलं, तिने नेहमीप्रमाणे हिब्रूत उत्तर दिलं. "दी, इमा," म्हणजे पुरे कर, आई. पण तिने बोट लावून बघितलं आणि पटकन स्कर्टला पुसलं. मग ती खुर्ची मागे ओढून बसली. मी एक माशी काढली, दिव्याच्या उजेडात धरली. जर चमकत होती. वेढे उजवीकडून डावीकडे चढत होते. तिन्हींवर तसेच. मी ती खालच्या ओठाला लावली.

गार. ओली.

मी रडले. कद्दिश न म्हणता गेलेल्या माझ्या भावासाठी, माझ्या आईसाठी, आणि त्या हट्टी डावऱ्या बाईसाठी, जिच्याशी मी जन्मभर भांडले आणि जी एकदाही खोटं बोलली नव्हती. तिने त्याला सांगितलं होतं, तीन परत आण. त्याला उशीर झाला, पण आणल्या. दगडवाल्याला मी दुसऱ्या दिवशी कळवलं, सॅमसनची पत्नी असंच कोर. तो म्हणाला, नक्की? मी म्हटलं, नक्की, आणि आता पुन्हा विचारू नकोस.

उद्या दगड बसेल. त्या तीन माश्या मी पेटीतून काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या आहेत, जिथे दिवसभर ऊन येतं. रोज कामावर जाताना आणि आल्यावर एकेक ओठाला लावून बघते. अजून वाळलेल्या नाहीत.